‘लोकांना हेच हवे असते’

(गारगोटी येथे वाचक-मित्रांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

वाईट चित्रपटांवर भाषण ठेवावे असे मी सुचवले, तेव्हा संयोजकांच्या चेहऱ्यावर थोडी शंका दिसली. ती स्वाभाविक होती. चांगल्या चित्रपटांवर व्याख्याने होतात, महोत्सव भरतात, विशेषांक निघतात. परंतु आपल्यापैकी प्रत्येकाने आजवर जे शेदोनशे चित्रपट पाहिले असतील, त्यांतले मनात राहिलेले किती? दहा, फार तर पंधरा. उरलेल्यांवर आपण पैसे खर्च केले, वेळ खर्च केला, काही वेळा कर्जाऊ घेतलेली सायकल दामटीत गेलो, आणि बाहेर येताना एकमेकांच्या तोंडाकडे पाहणे टाळले. त्या उरलेल्यांचा हिशेब कोणी मागत नाही. तो आज मागावा असा माझा विचार आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करतो. आपल्या भाषेत चित्रपट ‘चालतो’ किंवा ‘पडतो’. ही बाजाराची क्रियापदे आहेत. त्यांवरून चित्रपट बरा की वाईट हे कळत नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. ना. ह. आपटे यांची कथा, आणि सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. देवदेवतांच्या आणि राजेरजवाड्यांच्या मूकपटांच्या त्या काळात कर्जबाजारी शेतकरी पडद्यावर आणणे हे धाडसच होते. तो चित्रपट गर्दी खेचू शकला नाही असे चित्रपटांचे इतिहासकार सांगतात. पण त्याला वाईट म्हणण्याची कोणाची छाती आहे? पेंटरांनी स्वतः १९३६ साली तोच विषय पुन्हा बोलपटात आणला, यावरून त्यांचा त्या विषयावर किती जीव होता ते दिसते.

दुसरे उदाहरण अधिक चटका लावणारे आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी आपला एकमेव बोलपट कोल्हापुरातच केला. तो ‘गंगावतरण’. कोल्हापूर सिनेटोनने तो काढला आणि १९३७ साली तो प्रदर्शित झाला. दादासाहेब तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. मूकपटाच्या काळात ज्या पौराणिक चमत्कारांनी त्यांनी प्रेक्षकांना थक्क केले होते, त्यांची नवलाई तोवर सरली होती. आदल्याच वर्षी ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ आला होता, आणि देहूच्या वाण्याच्या घरातली चूल पडद्यावर पाहून लोक हेलावून गेले होते. ‘गंगावतरण’ दादासाहेबांचा अखेरचा चित्रपट ठरला. तिथे जी निराशा झाली असेल तिला मी निर्मळ निराशा म्हणेन. एका वृद्ध कारागिराचे हात होते तेच होते; काळ पुढे गेला होता. त्यात कोणी कोणाला फसवले नव्हते.

माझी तक्रार या दोहोंविरुद्ध नाही. ज्या चित्रपटाचा निर्माता चित्रपट काढतानाच मनाशी म्हणतो की ‘एवढे पुरे, यांना काय कळते’, त्या चित्रपटाविषयी मी बोलणार आहे. या वाक्यातला ‘यांना’ हा शब्द आपल्याला उद्देशून आहे, हे कृपा करून लक्षात ठेवा.

वाईट चित्रपट पाहण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. शहरातला मनुष्य कंटाळला तर मध्यंतरात उठतो, कोपऱ्यावर चहा पितो आणि घरी जातो. गारगोटीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. भुदरगडच्या आतल्या वाड्यांवरून निघायचे तर त्याहून लांब. ज्या काळात चित्रपट पाहायचा म्हणजे कोल्हापूर गाठायचे किंवा जत्रेतल्या तंबूची वाट पाहायची, त्या काळात माणसे दिवसभराच्या मजुरीवर पाणी सोडून जात. बरोबर बायकापोरे असत, फडक्यात भाकरी असे, परतीची शेवटची एसटी ठरलेली असे. असा मनुष्य चित्रपट कितीही रटाळ असला तरी उठत नाही. तो शेवटपर्यंत बसतो. आणि मग कोणीतरी विद्वान वातानुकूलित खोलीत बसून लिहितो, की ग्रामीण प्रेक्षक असल्या चित्रपटांत रमतो, पाहा, एकही मनुष्य उठून गेला नाही!

लहानपणी जत्रेतल्या तंबूत मी एक चित्रपट पाहिला. त्याचे नाव सांगत नाही, कारण तंबूवाल्याच्या अपराधाचे माप त्या चित्रपटाच्या पदरात पडू नये. रात्री एक खेळ जास्त बसवायचा म्हणून त्या गृहस्थांनी मधली दोन रिळे गाळली. नायिका मघाशी विहिरीवर होती, ती एकदम कडेवर मूल घेऊन उभी राहिली. तंबूत क्षणभर शांतता पसरली, आणि मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, ‘‘आरं, लगीन तरी दावायचं हुतं!’’ सगळा तंबू हसला. मीही हसलो. पण नंतर अनेकदा मनात आले, की त्या म्हाताऱ्याला कथेचा सांधा निखळलेला बरोबर कळला होता. जे कळत नाही असे निर्माते समजतात, ते पिटात मातीवर बसलेल्या माणसाला एका क्षणात कळले होते.

१९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्यात तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. चित्रपट जोरकस होता. त्यातली लावणी आणि ढोलकी अस्सल होती. परंतु त्याच्या यशातून आपल्या चित्रपटधंद्याने जो धडा घेतला तो विपरीत होता. लोकांना जोमदार कथा आवडली असे कोणी म्हटले नाही. लोकांना फेटा, फड आणि पाटील आवडतो असा निष्कर्ष निघाला, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या निष्कर्षाची जत्रा भरली. चांगल्या घरचा पाटील किंवा पाटलाचा मुलगा, त्याची सोशिक पत्नी, फडावरची बाई, वाडा गहाण, शेवटी पश्चात्ताप आणि तुळशीवृंदावन. कोल्हापूरच्या परिसरातले माळ, ओढे आणि वाडे त्या चित्रपटांतून इतक्या वेळा दिसले, की आपल्याच गावाकडे आपण त्या चौकटीतून पाहू लागलो.

याच ठिकाणी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘सांगत्ये ऐका’ची नायिका हंसा वाडकर हिने पुढे त्याच नावाने आत्मचरित्र सांगितले. चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रीचे किती शोषण होते, घरी आणि बाहेर, हे तिने न लपवता सांगितले. तमाशापटांच्या शंभर कथांहून ती एक कथा दाहक होती, आणि ती मराठीत होती. तिच्यावरून ‘भूमिका’ हा चित्रपट १९७७ साली निघाला तो श्याम बेनेगल यांनी हिंदीत काढला. आमचे निर्माते त्या वेळी पुढच्या पाटलाचा फेटा बांधण्यात गुंतले होते.

१९७२ साली शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ आला. त्याच्या कारागिरीविषयी मी अनुदार होणार नाही. नृत्य, रंग, डॉ. लागूंचा अभिनय, सारेच भारी आहे. पण त्याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस फिरकला नव्हता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे खडी फोडीत होती, बांध घालीत होती. त्यांत बायका होत्या, म्हातारे होते, आणि ज्यांच्याकडे वर्षापूर्वी बैलजोडी होती असे शेतकरीही होते. ‘पिंजरा’तल्या आदर्श मास्तराचा नाश मात्र एका नाचणारणीच्या पायी होतो. खेड्यातल्या माणसाचा नाश नेमका कशाने होत होता हे ज्याला त्या वर्षी पाहायचे होते, त्याला चित्रपटगृहाबाहेर रस्त्यावर यावे लागत होते. अप्रतिम बांधणीचा चित्रपटही माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवू शकतो, एवढेच मला यातून दाखवायचे आहे. आणि ज्या चित्रपटांना ही बांधणीही साधली नाही, त्यांनी काय पाठवले असेल ते आपण जाणता.

मग तीन वर्षांनी ‘सामना’ आला. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, आणि निर्माते रामदास फुटाणे. सहकारी साखर कारखान्याचा सर्वसत्ताधीश हिंदुराव आणि एका गायब झालेल्या सामान्य माणसाचे काय झाले हे विचारत राहणारा दारुडा मास्तर. पडद्यावर प्रथमच आपल्या भागातली सत्ता तिच्या खऱ्या पोशाखात दिसली. पहिल्या प्रदर्शनात त्याला लोक आले नाहीत. बर्लिनच्या महोत्सवाला जाऊन आल्यावर तो पुन्हा लागला, तेव्हा आले. येथे निर्माते टाळी वाजवून म्हणतील, ‘‘पाहा! ‘सावकारी पाश’ पडला, ‘सामना’ही पडत होता. चांगले दिले तरी तुमचे लोक येत नाहीत.’’

हा आक्षेप टाळून चालणार नाही. लोक पहिल्या खेपेस आले नाहीत हे खरे आहे. पन्नास वर्षे ज्या गिऱ्हाइकाला भुशाची भाकरी वाढली, त्याला एके दिवशी ताटात गहू दिसला तर तो आधी बिचकणारच. हे नवे काय आहे, पचेल का, असा संशय त्याला येणारच. पण दुसऱ्या खेपेस लोक आले हेही तितकेच खरे आहे. ‘फँड्री’, ‘सैराट’ या अलीकडच्या चित्रपटांचे उदाहरण तर सर्वांसमोर आहे. २०१६ साली ‘सैराट’ पाहायला जे लोटले, ते याच ‘अडाणी’ गणल्या गेलेल्या खेड्यापाड्यांतून लोटले होते. आणि त्या चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर आवाज थांबतो तेव्हा शिट्ट्या मारणारी पोरे गप्प झालेली मी पाहिली आहेत. त्या पोरांना काय कळते हा प्रश्न तिथे संपायला हवा होता. तो संपला नाही. ‘सैराट’नंतर काही काळ प्रत्येक निर्मात्याला जातीबाहेरच्या प्रेमाची कथा हवी होती. फेट्याच्या जागी ट्रॅक्टर आला, एवढेच.

आता ज्या चित्रपटाची गोष्ट मी टाळू शकत नाही त्याकडे येतो. १९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला. राजस्थानी चित्रपटावरून घेतलेली ही कथा महाराष्ट्रात तुफान चालली. गावोगावच्या बायका टेंपो आणि ट्रॅक्टर करून आल्या. आमच्यासारख्या चार बुके वाचलेल्यांनी त्या वेळी त्या चित्रपटाची यथेच्छ टिंगल केली. टिंगल सोपी होती, कारण चित्रपट भडक आहे, त्यातली दुःखे पायलीने मोजावी इतकी आहेत. परंतु टिंगल करताना आम्ही एक प्रश्न विचारला नाही: या हजारो बायका कशासाठी रडत होत्या?

त्या स्वतःसाठी रडत होत्या. अपशकुनी ठरवलेली मुलगी, सासरचा छळ, माहेराची ओढ, यांतले काहीच त्यांना पडद्यावरून शिकायचे नव्हते. घरात रडायला जागा नव्हती; अंधार होता, शेजारी आपल्यासारखीच एक होती, तिकिटाचे पैसे दिले होते. त्यांचे अश्रू खरे होते. ज्या चित्रपटाच्या हाती असे खरे अश्रू आले, त्याने त्यांचे काय केले? सोसण्याची आरती केली. सुनेच्या छळाला शिक्षा सांगणारे ४९८-अ हे कलम १९८३ साली कायद्यात आले होते. स्त्रियांच्या संघटना जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहत होत्या. त्याआधी १९८२ साली ‘उंबरठा’तली सुलभा घराबाहेर पडली होती, परतल्यावर जे पाहिले त्याने न मोडता पुन्हा बाहेर पडली होती. नऊ वर्षांनंतरच्या या सुनेला मात्र मरणाखेरीज सुटका नव्हती, आणि ते मरण साडी नेसवून सुंदर केले होते.

मी टिंगल सोडून दिली ती एका बाईमुळे. रोजंदारीवर भांगलायला जाणारी, शाळेचे तोंड न पाहिलेली. चित्रपट पाहून आल्यावर तिला विचारले, कसा होता? ती म्हणाली, ‘‘रडून घेतलं बघा, हलकं वाटलं. पर त्या पोरीनं एकदा तरी उलटून बोलाय पायजे हुतं.’’

मित्रहो, वर्तमानपत्रांत त्या चित्रपटाची जी परीक्षणे मी वाचली, त्यांत एवढी नेमकी टीका मला आढळली नाही. तिने अश्रूही नाकारले नाहीत आणि फसवणूकही ओळखली. माझ्या लेखी आजच्या सगळ्या भाषणाचा आधार ती बाई आहे. प्रेक्षकाला कळते. त्याला विचारण्याची सोय कोणी केलेली नाही.

दुसरी बाजूही मांडतो. ती श्रमिकांची आहे, म्हणून आपल्याला अधिक विचारात घेतली पाहिजे. वाईट चित्रपटावरही चुली पेटतात. कोल्हापुरात रंगभूषा करणारे, दिवे धरणारे, पडदे रंगवणारे, घोडे आणि बैलगाड्या पुरवणारे, गर्दीत उभे राहून दिवसाची हजेरी घेणारे अशी शेकडो कुटुंबे या धंद्यावर जगली. त्यांना चित्रपटाचा दर्जा विचारून पोट भरता येत नव्हते. सरकारने सत्तरच्या दशकात करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली, ती मराठी चित्रपट तगावा म्हणून. पुढे अनुदान आले, दर्जा ठरवण्यासाठी समित्या आल्या. हेतू चांगला होता, आणि त्यातून काही चांगले चित्रपट निघालेही. पण अनुदानाचे गणित आधी आणि कथा मागाहून, असे चित्रपटही निघाले. ते चार दिवस कुठेतरी लागतात, कोणी पाहत नाही, आणि कोणाचेच नुकसान होत नाही. नुकसान फक्त त्या भाषेचे होते, जिच्या नावावर पैसे घेतले. मोरेवाडीच्या माळावर ऐंशीच्या दशकात सरकारने चित्रनगरी उभारली; ती कैक वर्षे ओस पडली होती. कामगाराला काम मिळावे म्हणून वाईट चित्रपट चालू द्यावेत, असे जे म्हणतात, त्यांनी त्या ओस माळाकडे पाहावे. वाईट चित्रपटांची रांग लागली तरी कारागिरांच्या घरातला दिवा काही जळत राहिला नाही. रांग संपली आणि माणसे दुसऱ्या धंद्यांना लागली.

आणि या साऱ्यात काही माणसे होती, ज्यांच्यामुळे वाईट चित्रपटही पाहवत असे. निळूभाऊ फुले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला हा मनुष्य, मनाने इतका सरळ, आणि पडद्यावर किती पाटील आणि सरपंच त्याने रंगवले! बायका त्याला समोर पाहून शिव्या घालीत. कथेत काही नसे, संवाद पत्र्यासारखे वाजत, आणि तरी निळूभाऊंनी मान थोडी तिरकी करून कोणाकडे पाहिले की आपल्याला आपल्या गावातला तो, अमक्या कचेरीतला, आठवे. लेखकाने पाटील लिहिलेला नसे. निळूभाऊ तो बरोबर घेऊन येत. अशा कलावंताला हिंदुराव धोंडे पाटलासारखी भूमिका मोजक्या वेळा मिळाली आणि उरलेली वर्षे त्याच हिंदुरावाच्या फिकट नकला कराव्या लागल्या, हे त्या काळाच्या निर्मात्यांवरचे सर्वांत मोठे कर्ज आहे.

आज चित्र पालटले आहे असे म्हणतात. चित्रपट खिशात आला. मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटाला सोयीची वेळ द्यावी म्हणून २०१५ साली सरकारला आदेश काढावा लागला. तोवर गावातला मुलगा फोनवर चित्रपट पाहू लागला होता. नाही आवडला तर बोट फिरवले, संपले. शेवटची एसटी नाही, रिळे गाळणारा तंबूवाला नाही. वाईट चित्रपटाची किंमत त्याच्यापुरती कमी झाली हे खरेच. पण त्या तंबूतला म्हातारा मोठ्याने बोलला आणि दोनशे माणसे हसली. फोनवर बोट फिरवणाऱ्याचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नाही. त्याने तिसऱ्या मिनिटाला का बंद केला, हे कोणाला कळत नाही. कोणत्या मिनिटाला बंद केला एवढेच कंपनीला कळते, आणि त्या आकड्यावरून पुढचा चित्रपट शिजतो. ‘लोकांना हेच हवे असते’ हे वाक्य पूर्वी निर्माता अंदाजाने म्हणत असे. आता ते आकडेमोड करून म्हटले जाते, एवढाच फरक.

जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठाचा पाया घातला तो याच गावात. खेड्यातल्या माणसाला शिक्षण द्यायचे तर ते त्याच्या जगण्याशी जोडलेले हवे, हा विचार इथे कोणाला नवा नाही. म्हणूनच संयोजकांनी मला विचारले, की पुढल्या महिन्यात एखादा चित्रपट दाखवायचा आहे, ‘सामना’ दाखवावा का? मी सांगितले, अवश्य दाखवा, पण एकटा नको. आधी दुपारी त्या काळातला एखादा अगदी सामान्य, रडका, फेटेवाला तमाशापट लावा, निवडीची फार चिकित्सा न करता. तो संपला की दिवे लावा आणि पाऊण तास बोलणे होऊ द्या. प्राध्यापकांनी आणि माझ्यासारख्यांनी शेवटी बोलावे. प्रथम ज्या बाया भांगलणीवरून आल्या असतील त्या, मग कारखान्यात हंगामी कामावर असलेली पोरे, मग शाळेतली मुले. कोणी काय म्हटले ते वहीत लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत. चहा होऊ द्या, आणि मग ‘सामना’ लावा. मात्र वेळ अशी धरा की रात्री आतल्या गावांकडे जाणारी शेवटची गाडी कोणाची चुकणार नाही.